डीपीवरचा जॉइंट

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो अभ्यासाला वगैरे आला नाही. तो गाड्यांच्या शर्यती खेळायला आला, आणि ही गोष्ट मी तेव्हाही कुणापासून लपवली नाही. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला, भीमेच्या काठच्या आमच्या गावात कुणी कॉम्प्युटर बघायला आलं की विचारायचं, "ह्याच्यावर काय काय करती गं?" मी सरळ सांगायचे, "गाडी पळवते." मग ती माणसं आईकडं बघायची आणि आई चुलीकडं बघायची.

दादा, माझा थोरला भाऊ, शिक्रापूरला एका कंपनीत मेंटेनन्सला होता. चौघांत एक खोली करून राहायचा आणि गुरुवारी सुट्टीला घरी यायचा. त्यानं पुण्यातून एकेक पार्ट आणून तो कॉम्प्युटर जोडला होता. साध्या कॉम्प्युटरला लागत नाही असलं ग्राफिक्स कार्ड त्यात होतं, कॅबिनेटच्या एका बाजूला काच आणि आत निळा दिवा. शिक्रापूरच्या खोलीवर ठेवला तर ट्रकांच्या धुळीनं महिन्यात बसेल, म्हणून तो आमच्या घरी ठेवला. आणि घरी मी होते. मी रोज माणसं भरून जाणाऱ्या वडापच्या जीपनं दौंडला जायचे, तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला. दिवसभर लोकांचे हात माउसवर धरून "हळू, हळू" म्हणत बसायचं. संध्याकाळी घरी आल्यावर एक तास मी कुणालाही हळू म्हणत नसे. दादाची दोस्त मंडळी मुद्दाम माझ्याशी शर्यत लावायला यायची आणि हरून, चहा पिऊन जायची. त्यांच्यातला एक बिहारचा होता, तो दर वेळी म्हणायचा, "दीदी, गाड़ी में ब्रेक भी होता है." तेवीस वर्षांची होते मी. व्यसन म्हणा, खूळ म्हणा, त्या एका तासात मी फार सुखी असायचे.

आता लाइटीचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळंच घडलं. गावाची डीपी, म्हणजे जिथून घरोघर लाइट जाते तो ट्रान्सफॉर्मर, आमच्या वस्तीच्या तोंडाला होती, बुद्धविहाराच्या मागच्या अंगाला. लाइनमनकडं कितीतरी गावं, तो बिचारा कुठं कुठं पुरणार? म्हणून फ्यूज उडाला, तार निसटली, की माणसं आप्पांच्या दारात. आप्पा आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. तरुणपणी खांब उभे करणाऱ्या टोळीत त्यांनी मजुरी केली होती, तिथंच हात बसला. शाळा चौथीपर्यंत, सर्टिफिकेट कसलं नाही. खिशात टेस्टर आणि कमरेला पक्कड. वरच्या आळीतल्या बागायतदारांच्या पाण्याच्या मोटारी असोत की आमच्या वस्तीतले बल्ब, वीसेक वर्षं गावाची लाइट आप्पांच्याच हातानं परत यायची. त्याबद्दल त्यांना चहा मिळायचा.

त्या वर्षी ग्रामपंचायतीत पहिल्यांदाच विषय निघाला होता, की पाण्याची मोटार आणि रस्त्यावरचे दिवे बघायला आप्पांना रीतसर कामावर घ्यावं. रजिस्टरवर नाव आणि महिन्याचा पगार. आमच्या वस्तीतलं एकही नाव तोवर त्या रजिस्टरवर लागलं नव्हतं. येत्या ग्रामसभेत ते नाव मंजूर व्हायचं होतं. आप्पा काही बोलायचे नाहीत, पण त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, ग्रामसभेसाठी त्यांचा पांढरा शर्ट इस्त्रीला दिल्याचं साऱ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं.

मार्च संपत आला होता. त्या आठवड्यात मोटारींची थ्री-फेज लाइट संध्याकाळची असायची, म्हणजे नदीवरच्या झाडून सगळ्या मोटारी एकाच वेळी चालायच्या आणि घरातले बल्ब पिवळेधमक होऊन लुकलुकत राहायचे. सोमवार होता. मी शर्यतीत होते, शेवटचा फेरा, पुढं चिटपाखरू नाही. तेवढ्यात बाहेर वावटळ सुटली, फाडकन आवाज झाला आणि सगळं गुडूप. "अगं आई गं!" मी कपाळावर हात मारला. चपला न घालताच बाहेर पळाले.

कडुलिंबाची एक फांदी तारांवर पडली होती. आप्पा आधीच पोचले होते. मेन फ्यूज खाली घेऊन त्यांनी फांदी ओढून काढली, आणि वर चढल्यावर त्यांना न्यूट्रलचा जुना जॉइंट काळा पडलेला दिसला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तोही त्यांनी सोडवून नव्यानं वळायला घेतला. खाली मी नाचत होते. "आप्पा, आवरा ना! किती वेळ?"

"दमानं घे, पोरी," ते वरून म्हणाले. "न्यूट्रल म्हंजी गरीब तार वाटती, पर ती सैल ऱ्हायली तर घराघरात डबल लाइट शिरती. समद्यांचं वाटोळं व्हतं."

"बरं, बरं. पण लवकर."

मी घरी आले आणि दारातच उभी राहिले. लाइट आली. बल्ब असा पांढराशुभ्र लागला, की कित्येक दिवसांत तसा उजेड बघितला नव्हता. आणि त्याच क्षणाला टेबलाखालून फाट्! दिवाळीतला लवंगी उडावा तसा आवाज, मग धूर, मग करपलेला असा वास की आई स्वयंपाकघरातून "काय जाळलंस गं?" म्हणत आली. निळा दिवा लागलाच नाही. बटन दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही.

माझ्या डोक्यात राख गेली. मी तशीच डीपीकडं गेले. लाइट आली म्हणून पंधरावीस माणसं अजून तिथंच हसत-बोलत उभी होती. आप्पा खाली उतरून पक्कड पुसत होते. मी म्हणाले, "आप्पा, न्यूट्रल सैल ठेवलंत तुम्ही. डबल लाइट आली घरात. माझा कॉम्प्युटर उडाला."

"मी घट वळलाय गं जॉइंट."

"घट्ट वळला असता तर उडाला असता का? येत नाही तर वर चढता कशाला?"

हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं लिहितेय, कारण तेच मला परत घेता आलं नाही. आप्पांनी मान वर करून डीपीकडं बघितलं. अंधार पडला होता, तिथून काय दिसणार होतं त्यांना?

मग काय, इतरांनाही कंठ फुटला. एकीचा मिक्सर गेला म्हणे. तो दिवाळीपासून बंद होता, हे मला माहीत होतं, मी गप्प बसले. एकाचा टेपरेकॉर्डर उडाला म्हणे. सगळ्या मेलेल्या वस्तूंचं खापर एकट्या आप्पांवर फुटायला लागलं. वरच्या आळीतले एक पंच तिथं उभे होते. ते गर्दीतून माझ्याजवळ आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "पोरी, लिहून दे की मग. तू तर शिकल्याली, कॉम्प्युटरची मास्तरीण. तुझ्या शब्दाला वजन हाय." आप्पांचं नाव रजिस्टरवर लागू नये असं त्यांना वाटत होतं, हे मला नंतर कळलं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे ते तेव्हाही कळत होतं. पण राग आला की मदत करणारा कोण, हे माणूस बघत नाही. मी घरी येऊन रेघांच्या कागदावर छान वळणदार अक्षरात लिहिलं, की अप्रशिक्षित माणसाच्या हातून डीपीचं काम झाल्यामुळं नुकसान झालं आहे, तरी योग्य तो विचार व्हावा. सही केली, आणि दुसऱ्या दिवशी जीपला जाता जाता पंचांच्या हातात दिलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी कॉम्प्युटर उघडून बसले. माझा धंदाच तो, क्लासमध्ये बंद पडलेली मशिनं मीच बघायचे. बोर्डात टेस्टर लावला, लाइट होती. वायर बदलून बघितली. कॅबिनेटची बाजू काढली, आतली धूळ जुन्या ब्रशनं झाडली, रॅम काढून तिचे पाय खोडरबरानं घासले, ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवलं, मदरबोर्डवरचा बारका सेल काढून पाच मिनिटांनी लावला. क्लासमध्ये मी शिकवायचे, की बटन दाबल्यावर पंखा नुसता थरथरला तरी आशा आहे. पंखा थरथरला नाही. मी कान लावून बसले, काही गुणगुणतंय का म्हणून. काही नाही. सगळंच जळालं असं मी धरून चालले, कार्डसुद्धा, आणि खरं सांगते, त्या कॅबिनेटवर डोकं ठेवून रडले. दौंडला क्लासमध्ये मग ज्याला-त्याला ही कहाणी सांगत सुटले. दर वेळी सांगताना माझ्या गोष्टीतले आप्पा जास्त जास्त अडाणी होत गेले.

बुधवारी परत फ्यूज उडाला. माणसं आप्पांकडं गेली. काकू दारात येऊन म्हणाल्या, "त्यांना बरं न्हाई." दुसऱ्या दिवशी दुपारी लाइनमन येईपर्यंत गावात लाइट नव्हती. मी आईला म्हणाले, "बघितलंस? आता तोंड लपवून बसलेत." आई भाकरी थापत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या तोंडाला कुनीतरी लगाम घालाय पायजे."

गुरुवारी दादा आला. त्यानं आधी वास घेतला, मग सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "ह्या खोलीतला बल्ब गेला?"

"नाही."

"टीव्ही?"

"नाही."

"शेजारच्यांचं काय गेलं?"

"मिक्सर."

"तो दिवाळीपासनं बंद हाय. न्यूट्रल सुटलं असतं तर पयला बल्ब उडला असता. एकाच बोर्डावर हायत दोन्ही."

"बल्बला काय कळतंय!" मी म्हणाले.

दादा इतका हसला, की त्याच्या हातातला चहा सांडला. मला अजिबात हसू आलं नाही. तो म्हणाला, "आधी एसएमपीएस बदलून बघ. बाकीचं मग रड." एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या आतला तो पत्र्याचा डबा. भिंतीतली लाइट आधी त्याच्यात जाते आणि तिथून थोडी थोडी होऊन बाकीच्या पार्टना मिळते. दादाला सेकंड शिफ्टच्या मित्राची ड्यूटी करायची होती, तो चहा पिऊन गेला. पण बल्बचं त्यानं जे विचारलं, ते माझ्या डोक्यातून जाईना. रात्री झोपताना बल्ब बंद केला तेव्हासुद्धा मी त्याच्याकडं रागानं बघितलं.

शनिवारी क्लासच्या सरांना विचारून मी एका बंद मशिनमधला एसएमपीएस काढून घेतला. ओढणीत गुंडाळून, मांडीवर ठेवून जीपनं घरी आणला. घरात शिरल्या शिरल्या जुन्याचे चारी स्क्रू काढले आणि तो डबा उचलून कॉटवर ठेवला. दौंडहून आणलेला जोडला. आता पिन लावायची, तर त्याच्या आधी माझं बोट आपसूक त्याच्या पाठीमागं गेलं, लाल बटनाकडं.

हे लाल बटन काय, ते सांगायलाच हवं. तेव्हाच्या एसएमपीएसला मागं एक इवलंसं लाल बटन असायचं, इकडून तिकडं सरकणारं. एका बाजूला २३० लिहिलेलं, ती आपल्याकडची लाइट. दुसऱ्या बाजूला ११५, ती परदेशातली, आपल्या निम्मी. क्लासमध्ये मी प्रत्येक बॅचला बजावून सांगायचे, ह्याला कधीही हात लावायचा नाही. आणि घरी येऊन मी रोज लावायचे. कारण संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की आमची लाइट इतकी पडायची, की दादाच्या मीटरवर एकशे तीस दिसायचं आणि कॉम्प्युटर सुरूच व्हायचा नाही. एका संध्याकाळी मला वाटलं, एकशे तीस म्हणजे ११५ च्या जवळच की! बटन सरकवलं, आणि झाला सुरू. काय हुशार मी! असं वाटलं होतं, की नदीकाठच्या साऱ्या गावांत हे फक्त मलाच सुचलं. दादाला सांगितलं नाही, तो ओरडला असता. खेळून उठताना मी आठवणीनं बटन परत २३० वर आणायचे. रोज. न चुकता.

मी मान वळवून कॉटवर बघितलं. जुन्या डब्याचं बटन ११५ वर होतं.

सोमवारी मी खेळून उठलेच नव्हते. शर्यत अर्ध्यावर टाकून आप्पांवर ओरडायला पळाले होते. परत आले तेव्हा लाइट गेल्यावर बंद पडलेल्या मोटारी पुन्हा चालू करायला माणसं अजून शेतावर पोचली नव्हती, त्यामुळं आप्पांनी जोडलेली लाइट पुरी आली, हवी तेवढी, एकदम बरोबर. बल्ब पांढराशुभ्र लागला होता तो त्याचमुळं. आणि निम्म्या लाइटीसाठी उघडून ठेवलेल्या माझ्या डब्यात ती पुरी शिरली. मी डब्याचं झाकण काढलं. आतले दोन मोठे कंडेन्सर डोक्याला फुटून त्यांचा कागद बाहेर आला होता. दौंडच्या डब्याला मी लाइट दिली, बटन दाबलं. पंखा फिरला. निळा दिवा लागला. मदरबोर्ड ठीक, कार्ड ठीक, माझे शर्यतीतले सगळे नंबर जागच्या जागी. आठवडाभर मी देवाकडं नाही, पण दिसेल त्याच्याकडं हेच मागत होते, आणि आता मला त्या कॉम्प्युटरकडं बघवेना. मी तो बंद केला.

यापुढचं सांगायला आजही लाज वाटते. मी बराच वेळ तशीच बसून विचार करत होते, की हे कुणाला कळणार आहे? डबा उडाला होता, डबा बदलला, विषय संपला. आप्पांचं नाव पुढच्या वर्षी लागेल. कागद पंचायतीत पडलाय तो कोण वाचतंय? मी चक्क बोटानं ते लाल बटन २३० वर सरकवलंसुद्धा. सरकवलं, आणि आई आत आली. म्हणाली, "आप्पांनी नाव मागं घेतलंय. काकू रडत व्हत्या विहारापाशी."

मी तो डबा उचलला आणि आप्पांकडं गेले.

आप्पा कॉटवर बसले होते. पक्कड खुंटीला टांगलेली होती. मी म्हणाले, "जय भीम, आप्पा."

"जय भीम. ये. झाला का गं तुझा चालू?"

पहिला प्रश्न हा. मी मान हलवली.

"बरं झालं बाई. माझ्या जिवाला घोर लागला व्हता."

"आप्पा, तुम्ही नाव का मागं घेतलं?"

त्यांनी आपले हात मांडीवर उलटेसुलटे करून बघितले. "रोज सकाळी कुनी उठायच्या आत जातुय वर. जॉइंट हलवून बगतुय. मला तर घटच लागतुय. पर तू शिकल्याली. तू म्हणतीस म्हंजी सैलच आसंल, माज्याच हाताला कळंनासं झालं आसंल. वय झालं आता. उद्या कुनाच्या घरात लेकरू लाइटीला चिकटलं म्हंजी? मग म्या म्हनलं, नको."

मला वाटलं होतं, ते तोंड लपवून घरात बसलेत. मी म्हणाले त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता! वीस वर्षांच्या हातापेक्षा माझ्या एका वाक्यावर. मला रडू फुटलं आणि रडत रडतच मी सगळं सांगितलं. डबा दाखवला, लाल बटन दाखवलं, ते कुठं होतं ते दाखवलं, आत्ता घरात बसून ते मी परत सरकवलं तेही सांगितलं. आप्पा डबा हातात घेऊन ऐकत होते. मी वाट बघत होते, आता शिवी देतील, आता डबा अंगावर फेकतील. ते म्हणाले, "म्हंजी जॉइंट घट व्हता?"

"घट्ट होता, आप्पा."

"लाइट बरोबर आली व्हती?"

"अगदी बरोबर."

"माज्या हातानं काय झालं न्हाई?"

"नाही, आप्पा. माझ्या हातानं झालं."

त्यांनी आत हाक मारली, "अगं ए, भाईर ये. ही काय म्हंती बघ." काकू आल्या. "सांग हिला," आप्पा म्हणाले, "आता मला सांगितलंस तसं सांग." मी परत सांगितलं. जॉइंट घट्ट होता. काकूंनी पदराला हात पुसले. त्या आप्पांसारख्या नव्हत्या. म्हणाल्या, "आन् बोललीस ती साऱ्या गावापुढं, कागद दिलास तो पंचायतीत, आन् आता हितं घरात येऊन तिघांत सांगतीस व्हय?"

मी घरी आले आणि रेघांचा दुसरा कागद काढला.

सोमवारी ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. मी तो डबा घेऊन गेले. आप्पांच्या नावाचा विषय आला, पंच उठले आणि म्हणाले, "खुद्द त्यांच्याच वस्तीतल्या शिकलेल्या मुलीची तक्रार हाय, आन् आप्पांनीबी नाव मागं घेतलंय, तवा पुढचा विषय घ्या." मी उभी राहिले. माझं तोंड, ते तर सवयीचंच होतं. म्हटलं, "तक्रार मी दिली, ती खोटी आहे." डबा वर धरला आणि आप्पांच्या घरी सांगितलं तसंच सगळं सांगितलं, संध्याकाळी खेळायला मिळावं म्हणून काय करत होते तेही. माझ्या बॅचची दोन पोरं पुढंच बसली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, मास्तरणीलाच बटन कळंना!" सगळं पटांगण हसलं. हसूदे. पंच म्हणाले, "बसा आता, ताई." मी बसले नाही. माझा कागद परत मागितला आणि दुसरा लिहून आणलेला सरपंचांच्या हातात दिला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, आप्पांना उभं केलं आणि विचारलं, काम करता ना? आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "करतो," म्हणाले. नाव मंजूर झालं.

त्या दिवशी मला वाटलं, झालं. मोडलं होतं ते मी जोडलं.

मग चारपाच दिवसांनी एका संध्याकाळी फ्यूज उडाला. मी डीपीखाली जाऊन उभी राहिले, या वेळी गप. आप्पा वर चढले, काम केलं, खाली उतरले. आता फ्यूज घालायचा. पण ते खाली उभं राहून वर बघत राहिले. मग पक्कड परत कमरेला खोचली आणि दुसऱ्यांदा वर चढले. एकेक जॉइंट हातानं हलवून बघितला. आधी ते एकदाच चढायचे, वीस वर्षं एकदाच चढत आले होते.

मी खालून म्हणाले, "आप्पा, घट्ट असणार ओ."

"आसंल गं," ते म्हणाले. "पर बघितल्यालं बरं."

त्यानंतर त्यांनी आठ-नऊ वर्षं ते काम केलं. प्रत्येक वेळी ते दोनदा चढले.